समोरच्या भिंतीवरची पाटी

आमच्या वस्तीला इतिहास आहे हे आम्हाला नगरपरिषद झाल्यावर कळलं. तोवर आमच्याकडे फक्त धूळ होती. खाणीच्या कामासाठी ठिकठिकाणची माणसं आली, राहिली, आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी त्याचं गाव झालं. मग चंद्रपूर पसरत पसरत आमच्या दारापर्यंत आलं आणि आम्ही घरबसल्या शहरात राहायला गेलो. शहर म्हटलं की काहीतरी जुनं दाखवावं लागतं. किल्ला आमच्याकडे नाही, देऊळ म्हणावं तर ते आमच्या डोळ्यांदेखत बांधलेलं. तेव्हा नगरपरिषदेने ठराव केला की वस्तीत जे जे पहिल्यांदा झालं, त्या त्या जागी काळ्या दगडाची पाटी लावायची. इथे पहिली विहीर खणली, इथे पहिली चक्की बसली, विहाराची पहिली खोली इथे होती, पहिलं वाचनालय इथे.

कल्पना चांगलीच होती. माझ्या पोटात दुखायला लागलं ते नंतर.

विहिरीच्या पाटीवरूनच पहिलं भांडण लागलं. खणणारा एक, जागा देणारा दुसरा, तळहातावर नारळ धरून पाणी कुठे लागेल ते सांगणारा तिसरा, आणि तिघांचीही नातवंडं आता मतदार. सगळ्यांची नावं घातली असती तर पाटीची लग्नपत्रिका झाली असती. म्हणून ठरलं, एका पाटीवर एकच नाव. विहिरीवर पाणी दाखवणाऱ्याचं नाव लागलं. बाकीची दोन घरं, जी आधी एकमेकांचं तोंड पाहत नव्हती, ती आता एकत्र बसून त्याला शिव्या देतात.

मी हे सगळं मजेत पाहत होतो. आपल्याला काय करायचं, आपलं घर कुठे पहिलं होतं. मग एका सकाळी मी छपरीत चहा घेत बसलो होतो. घराच्या पुढच्या उघड्या पडवीला आमच्याकडे छपरी म्हणतात. माझ्या छपरीतून गल्लीपलीकडचं समोरचं घर दिसतं, दुसरं काही दिसत नाही. एक माणूस आला आणि त्याने समोरच्या भिंतीवर खडूने चौकोन काढला. मी कप तसाच ठेवून गेलो.

"हे काय करून राह्यला?"

"पाटीची जागा आखून राह्यलो, काकाजी. पहिली बालवाडी."

"कोनाच्या नावानं?"

त्याने समोरच्याच्या आईचं नाव सांगितलं.

मी परत येऊन बसलो. चहा गार झाला होता, तरी प्यालो. बायको आतून आली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तोंड एरंडेल प्याल्यासारखं काऊन झालं?"

"काही नाई."

"समोर काही नवीन आलं वाटते," ती म्हणाली आणि वाकून गल्लीत पाहू लागली.

मी जळकुकडा आहे, असं माझी बायको म्हणते. तिचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. पण मी सगळ्या जगावर जळत नाही. खाणीच्या ऑफिसात माझ्या मागून लागलेले कारकून माझ्या पुढे गेले, मी पेढे खाल्ले आणि विसरलो. माझा जळफळाट एकाच माणसापुरता आहे आणि तो समोर राहतो. माझ्याहून थोडा लहान. त्याचे वडील खाणीत मुकादम, माझे वडील त्यांच्याच हाताखाली कोळसा भरणारे. त्यांच्या घराला पहिल्यापासून लांबरुंद छपरी होती. आमची एक खोली आणि वर टिनाचं छप्पर. पुढे तो शिक्षक झाला आणि अख्खी वस्ती त्याला मास्तर म्हणू लागली. मला कोणी कारकून म्हणून हाक मारत नाही. रेडिओ त्याच्याकडे आधी आला, स्लॅब त्याच्या घरावर आधी पडला. मी हौसेने आंब्याचं रोप लावलं तर त्याच वर्षी त्यानेही लावलं, आणि लोक त्याच्या आंब्याची गोडी सांगायला माझ्याकडे येतात. वाईट म्हणजे माणूस चांगला आहे. वाईट असता तर माझं अर्धं काम हलकं झालं असतं.

हे सगळं मी सोसलं. पण बालवाडी माझ्या आईची होती.

हे मी नुसतं म्हणत नाही. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना मुठीच्या तांदळाची गोष्ट माहीत आहे, फक्त ती सांगताना ते हसतात आणि त्यांच्या हसण्यात माझी आई असते.

झालं असं. तेव्हा वस्तीत लग्न असलं की भात शिजवायचा मोठा गंज, पराती, सतरंजी हे सगळं चंद्रपूरहून भाड्याने आणावं लागे. बायांनी ठरवलं, आपलं सामान आपण घ्यायचं. बायांच्या हाती पैसा नव्हता, पण तांदूळ होता. पगार खाणीचा, पण भात ज्याच्या त्याच्या गावचा. धान निघालं की प्रत्येकाच्या घरी गावाहून पोती यायची. तेव्हा असं ठरलं की रोज स्वयंपाकाचे तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. बाजाराच्या दिवशी एकीने घरोघर फिरून ते गोळा करायचं, आणि पोतं भरलं की विकायचं. फिरण्याचं काम माझ्या आईकडे आलं, कारण तिचे पाय पक्के होते आणि तिला कोणी नाही म्हणू शकत नसे.

माझी आई नागभीडकडची. तिच्या माहेरी साऱ्या गावाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, एकाच जातीचं धान. तिथे कुणाचीही मूठ कुणाच्याही मुठीत मिसळली तरी तांदूळ तोच. तिने इथेही तेच केलं. सगळी मडकी एका पोत्यात उलटी केली. पण इथे सिरोंच्याकडच्या घरात उकडा तांदूळ होता, भामरागडकडून आलेल्या दोन गोंड घरांत हातसडीचा लालसर, जाड, आमचा बारीक, आणि कोणाकडे रेशनचा. पोतं भरेपर्यंत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ज्या बाया तिच्या पोत्यात दर बाजाराला डोकावत होत्या, त्यांच्याही नाही.

बैलबंडीतून पोतं दुकानात गेलं. दुकान चाचांचं. धान्याचा सगळा व्यवहार तेव्हा त्यांच्याकडे चाले. त्यांनी पोत्यात हात घातला, तळहातावर तांदूळ पसरला, बोटाने दाणे इकडचे तिकडे केले आणि म्हणाले, हा कोणी घेणार नाही. बारीक शिजेस्तोवर जाड कच्चा राहील आणि जाड शिजेस्तोवर बारकाची खळ होईल.

गोष्ट इथपर्यंत आली की लोक हसतात. "तुह्या मायनं साऱ्या वस्तीची खिचडी करून टाकली," असं मला लहानपणी किती जणांनी ऐकवलं असेल. पुढचं मात्र कोणी नीट सांगत नाही. पोतं परत आलं. वाटून द्यावं तर कोणाचा दाणा कोणता ते कोण निवडणार? सगळ्यांनी एकत्र बसून खावं तर मोठी माणसं बसणार नाहीत. वस्तीत सगळ्या जातींची घरं होती. आमचं घर आजोबांच्या काळात दीक्षा घेतलेलं बौद्धांचं, आणि कोण कोणाच्या हातचं खातो याचा हिशेब तेव्हा खाणीच्या हजेरीपेक्षा कडक होता. मग लेकरं बसवायची असं ठरलं. लेकरांना कोण विचारतं. तांदूळ त्याच समोरच्या छपरीत, घरच्या गंजात शिजला, तिथेच लेकरांनी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी लेकरं पुन्हा येऊन बसली. एक पोतं संपलं तरी बायांनी मूठ काढणं थांबवलं नाही. लग्नाचा गंज कधीच घेतला गेला नाही. सतरंजीही नाही, लेकरं त्या रिकाम्या पोत्यांवरच बसायची. समोरच्याची आई चौथी शिकलेली होती. लेकरं आयतीच बसलेली पाहून ती त्यांना अंक म्हणायला लावू लागली. अशी बालवाडी झाली.

शिजवायची माझी आई. सुरुवातीला पोरं जाड दाणे थुंकून टाकायची. मग ती तांदूळ आदल्या संध्याकाळी भिजत घालू लागली आणि सकाळी लाखोळीची डाळ, हळद, मीठ घालून मंद आचेवर इतका वेळ ठेवू लागली की सगळ्यांचा मिळून गुरगुट्या भात व्हावा. पळसाच्या पानावर तो वाढायची. वस्तीतल्या माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान प्रत्येकाने तो भात खाल्ला आहे.

मी सोडून. मी तेव्हा पहिलीत गेलो होतो. सकाळची शाळा. दुपारी दप्तर घेऊन धावत यायचो तेव्हा पानं उचललेली असायची, गंज पालथा पडण्याच्या बेतात, आणि समोरचा माझ्या आईच्या मांडीवर बसून तिच्या हातून शेवटचा घास खात असायचा. त्याची आई पलीकडे अंक शिकवत असायची आणि त्याला आई हवी असली की तो माझ्या आईला धरायचा. मला मिळायची गंजाच्या बुडाची खरवड. करपलेली, काळी पिवळी. आई ती उलथण्याने काढून पानात द्यायची आणि मी ती खांबाला टेकून, त्याच्याकडे बघत खायचो. माझं जळणं तिथून सुरू आहे. रेडिओ आणि आंबा हे नंतरचे.

तर आता पाटीवर त्याच्या आईचं नाव लागणार होतं.

पाट्यांचं काम कॉलेजच्या एका सरांकडे होतं. मी त्यांच्याकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं, थोडं कमी रागाने. सरांनी शांतपणे ऐकलं. ते पुण्याकडचे, बोलणं धुतल्यासारखं.

"काका, तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण मुलाने आईबद्दल सांगितलेलं मी कसं धरू? वस्तीतलं जुनं कोणीतरी हवं."

"मंग समोरच्याच्या मायबद्दल कोनं सांगतलं? त्यानंच ना?"

"नाही, ते काहीच बोलले नाहीत. बाकी सगळ्यांनी सांगितलं."

सगळ्यांनी. ज्यांनी माझ्या आईच्या हातचा भात खाल्ला त्या सगळ्यांनी छपरी लक्षात ठेवली. छपरी अजून उभी आहे, भात पोटात गेला. आणि तो स्वतः बोललासुद्धा नाही, त्याला न बोलताच मिळालं, हे मला जास्त झोंबलं.

मी चाचांकडे गेलो. चाचा आता फार म्हातारे झाले आहेत. धान्याच्या दुकानाच्या जागी त्यांच्या नातवंडांचं हार्डवेअरचं दुकान आहे. चाचा दाराशी खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी नातवंडांना खुर्ची पुढे करायला लावतात. मी आईचं नाव काढताच त्यांनी हाताने थांबवलं.

"बैठ बेटा. ते बोरी घेऊन आली होती ना, मले याद आहे. मी नाई म्हटलं त उठलीच नाई. माह्या दुकानापुढं त्याच बोरीवर बसून राह्यली. म्हने, चाचा, आता कोनाचा दाना कोनाले वापस देऊ? गिऱ्हाईक आलं त त्याले म्हने, पलीकडून जा."

मला हसू आलं. तीच माझी आई.

"मंग मुकादमाची बायको आली," चाचा म्हणाले. "समोर उभी राह्यली, म्हने, उठ, माह्या छपरीत चूल मांड. लेकरं बसवू. तवा तुही माय उठली."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तेही माझ्या आईनेच सुचवलं असणार. मी म्हणालो, "बरं, पन शिजवला त माह्याच मायनं."

"शिजवला ना. पन चूल मांड म्हननं सोपं नोतं बेटा. तुही माय कोनाच्या घरची, हे का साऱ्याइले माहीत नोतं? मुकादमाच्या बापानं सुनेच्या हातचं पानी सोडलं त्या पायी. वस्तीत साऱ्याइले मालूम होतं. मरेपर्यंत नाई प्याला म्हनतात."

मी एका आईसाठी साक्षीदार शोधायला आलो होतो आणि चाचांनी दोघींची साक्ष दिली. खरं सांगायचं तर मला तेव्हा समोरच्याच्या आईचा आदर वाटला नाही. माझी बाजू ढिली झाली म्हणून राग आला. मी म्हणालो, "चाचा, सर आले की त्याइले फक्त भाताचं सांगजा."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "आधाच सांगू?"

"आधं सांगतलं त ते झूठ नाई होत."

"तुही माय बी अशीच होती," ते म्हणाले. "पन ते पूरी बोरी घेऊन आली होती, आधी बोरी नाई."

दोन दिवसांनी सर दुकानावर आले. बरोबर समोरच्यालाही घेऊन आले, कारण पाटी त्याच्या भिंतीवर लागणार आणि त्याचंही ऐकायला हवं. आम्ही चौघं हार्डवेअरच्या दुकानात, पाइपांच्या आणि रंगाच्या डब्यांच्या मध्ये बसलो. चाचांनी सगळं सांगितलं. आधं नाही, सगळं. पोतं, दाणे, दुकानापुढे बसणं, चूल मांड, आणि सासऱ्याचं पाणीसुद्धा. मी भिंतीकडे पाहत होतो. समोरचा खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या घरातली गोष्ट होती, त्याला माहीतच असणार, पण त्याने ती कधी कोणाला सांगितली नव्हती. मी असतो तर पिढ्यानपिढ्या सांगितली असती.

सर म्हणाले, "अडचण अशी आहे की नाव एकच घालता येतं. मला तर दोन्ही घालावीशी वाटतात, पण ठराव तसा आहे. आज दोन घातली तर उद्या विहिरीवाले येतील." मग त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा."

मी तयारी करून गेलो होतो. काय काय बोलायचं ते येताना रस्त्यात तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात समोरचा बोलला.

"भाऊच्या मायचं लावा."

"तुमची हरकत नाही?"

"हरकत कायची सर? माह्या मायनं छपरी देल्ली, पन लेकरं छपरीसाठी येत नोते. भातासाठी येत होते. मी बी भातासाठीच येत होतो, आपल्याच घरच्या छपरीत."

सर हसले, चाचा हसले. मला हसता आलं नाही. मी भांडायला आलो होतो आणि माझ्या हातातली काठी त्याने प्रेमाने काढून बाजूला ठेवली. मला जे हवं होतं ते मिळालं, पण ते त्याने दिलं म्हणून मिळालं. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की नाही, तुझ्या आईचं राहू दे, तिने जास्त सोसलं. चांगल्या माणसाने असंच म्हटलं असतं. पण तसं म्हटलं असतं तरी तो माझ्या आधी म्हणून मोकळा झाला होता. माझं उष्टं ठरलं असतं. शिवाय मला ते म्हणायचं नव्हतंच. मला माझ्या आईचं नाव हवं होतं. मी सरांना आईचं नाव कागदावर लिहून दिलं.

आम्ही दोघं एकाच गल्लीत राहतो, तेव्हा परतताना बरोबर चालण्यावाचून इलाज नव्हता. मग तो म्हणाला, "भाऊ, एक विचारू? राग नाई ना येनार?"

"विचार."

"ते खरवड कशी लागत होती?"

मी थांबलो. "कोनती खरवड?"

"गंजाची. तुही माय कोनाले देत नोती. आमी सारे मागत होतो, रडत होतो, मी त मांडीवर बसून मागत होतो. म्हने, ते माह्या पोराची हाये, शाळेतून येनार हाये तो. मंग तू येत होता अन् खांबाले टेकून एकटा खात होता, आमाले दाखवू दाखवू. मले इतका राग येत होता तुहा. म्हटलं, मोठा झालो की याले पाहूनच घेतो."

खरवड कडू लागायची. करपलेली असायची. मी ती दाखवून दाखवून खात नव्हतो, मांडीवर बसलेल्या त्याच्याकडे रागाने बघत खात होतो. एवढी वर्षं मी ज्या मांडीसाठी जळलो, त्या मांडीवर बसून तो माझ्या पानाकडे बघत होता.

"गोड लागत होती," मी म्हणालो.

"वाटलंच होतं," तो म्हणाला आणि त्याच्या फाटकात वळला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हंजे तो बी जळत होता का? बरं झालं. मले वाटत होतं तुमी एकटेच येडे."

पाटी लागली. छोटा कार्यक्रम झाला, नारळ फुटला, चाचांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. दगडावर माझ्या आईचं नाव कोरलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं की येथे वस्तीतील पहिली बालवाडी सुरू झाली. मी ते नाव हाताने चाचपलं, अक्षरं खोल होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत, कारण तेवढा माझा हक्क होता.

कार्यक्रमाच्या आधीच मी सरांना बाजूला घेऊन विचारलं होतं, पाटी माझ्या भिंतीवर लावली तर? नाव माझ्या आईचं आहे, आमची भिंतही रस्त्याकडेच आहे. सर म्हणाले, काका, बालवाडी तिथे होती. पाटी जागेची असते. मी मान हलवली. जागा त्याची, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तेव्हा आता असं आहे. माझ्या आईचं नाव समोरच्याच्या भिंतीवर आहे. आमच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात. एकीकडून कोळशाचे, दुसरीकडून सूरजागडच्या लोहदगडाचे. काळी धूळ आणि लाल धूळ दोन्ही आमच्याच नशिबी. संध्याकाळपर्यंत पाटीवरचं अक्षर बुजतं. आणि रोज सकाळी, मी छपरीत चहा घेऊन बसलो की समोरचा बादली आणि ओलं फडकं घेऊन बाहेर येतो आणि पाटी पुसतो. अक्षराच्या खोबणीतून बोट फिरवत पुसतो. येणारेजाणारे थांबून म्हणतात, वा मास्तर. रोज माझ्या आईच्या नावावर त्याचा हात फिरतो आणि मी इकडे बशीत चहा ओतून बसलेला.

"जळून राह्यले ना?" बायको विचारते.

"माय त माही आहे ना," मी म्हणतो.

"मंग जा ना. फडकं नाई का आपल्या घरी?"

एका सकाळी मी गेलो. चहाच्या आधी, तो उठायच्या आधी, असं मला वाटलं. जुन्या धोतराचं फडकं भिजवून घेतलं होतं. गल्ली ओलांडून पाहतो तर पाटी चकचकीत. दगडावरून पाणी अजून ओघळत होतं, नाव ओलं होतं, आणि तो खाली पायरीवर बसून बादलीत फडकं पिळत होता. मी दप्तर घेऊन पोचलो होतो आणि पानं उचललेली होती.

मी परत वळलो.

"भाऊ," तो म्हणाला, "कुठी चालला? तो खालचा कोपरा ठेवला ना."

मी वाकून पाहिलं. पाटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात धूळ तशीच होती, तळहाताएवढी, कडेने नीट सोडलेली.

"रोजच ठेवतो," तो म्हणाला. "म्हटलं, येईल तो शाळेतून."

मी तो कोपरा पुसला. सावकाश पुसला, कारण तेवढाच होता. मग फडकं खांद्यावर टाकून गल्ली ओलांडून घरी आलो, छपरीत बसलो आणि बायकोने दिलेला चहा घेतला. चहा चांगला होता. पण गोड लागेना, कारण हे मला सुचायला हवं होतं, आणि सुचलं त्याला.